वाचकांचे प्रश्न : नवी ऑपरेटिंग सिस्टीम ब्राउझरमध्ये चालवून पाहताना

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावर आहेत : नवी ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्यक्ष इन्स्टॉल करण्याआधी ती ऑनलाइन चालवून पाहणे. म्हणून हा संपूर्ण अंक त्याच प्रश्नांना दिला आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे आणि विंडोज ११ त्यावर चालणार नाही, असे तपासणीत दिसले. लिनक्सकडे वळावे असे वाटते. काहीही इन्स्टॉल न करता लिनक्स ब्राउझरमध्येच चालवून पाहता येते, असे ऐकले. हे खरे आहे का? त्यात माझ्या लॅपटॉपमधील फाइलींना धोका आहे का?

उत्तर : खरे आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय व बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे एरवी ठणठणीत असलेले पुष्कळ लॅपटॉप तुमच्या लॅपटॉपप्रमाणेच अडून बसले आहेत. त्यांच्या मालकांना लिनक्सची तोंडओळख करून घेण्यासाठी ब्राउझरमधील चाचणी हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

यासाठी डिस्ट्रोसी नावाचे संकेतस्थळ आहे. त्यावर उबुंटू, लिनक्स मिंट, फेडोरा, डेबियन अशा अनेक डिस्ट्रोंची, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या अवतारांची, यादी असते. त्यातून हवा तो डिस्ट्रो आणि त्याची आवृत्ती निवडायची, सुरू करण्याचे बटण दाबायचे, गर्दी असल्यास रांगेत थांबायचे, आणि थोड्या वेळात ब्राउझरच्या टॅबमध्ये पूर्ण डेस्कटॉप उघडतो. पूर्वी डिस्ट्रोटेस्ट नावाची अशीच एक सेवा होती, ती बंद झाली. सर्व्हर चालवण्याचा खर्च मोठा आणि सेवा फुकट, अशी ही रचना असल्याने रांग, वेळेची मर्यादा आणि काही न करता बसल्यास आपोआप बंद होणे या गोष्टी गृहीत धरूनच तेथे जावे.

तुमच्या फाइलींविषयी निश्चिंत राहा, कारण ती सिस्टीम तुमच्या लॅपटॉपवर चालतच नाही. दूरच्या सर्व्हरवर एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक, तयार केले जाते, त्यात त्या डिस्ट्रोची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करण्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत) सुरू होते आणि तेथल्या पडद्याचे चित्र तेवढे तुमच्या ब्राउझरपर्यंत येते. उलट दिशेने तुमच्या माऊसच्या हालचाली आणि दाबलेल्या कळा जातात. तुमच्या हार्ड डिस्कचा त्या सिस्टीमला पत्ताही नसतो. जेथे व्हर्च्युअल मशीनला आभासी डिस्क जोडलेली असते, तेथे तुम्ही ‘संपूर्ण डिस्क पुसून इन्स्टॉल करा’ हा पर्याय निवडलात तरी पुसली जाते ती आभासी डिस्क. नवख्या माणसाचा हात थरथरतो तो डिस्कचे भाग पाडण्याच्या पानावर, आणि त्या पानाची रंगीत तालीम करण्याची ही नामी संधी आहे. माझ्या मते या चाचणीचा हा फायदा डेस्कटॉप पाहण्याहूनही मोठा आहे.

धोका आहे तो उलट बाजूने. तुम्ही तेथे जे टाइप कराल ते दुसऱ्याच्या संगणकावर टाइप होते. म्हणून त्या डेस्कटॉपमधील ब्राउझरमधून ईमेल, बँक किंवा कोणतेही खाते उघडू नये आणि खरा पासवर्ड कोठेही देऊ नये. चाचणीला त्याची गरजही नसते.

दुसऱ्या एका प्रकारच्या चाचणीत मात्र सगळे काही तुमच्याच संगणकावर घडते. फाब्रिस बेलार यांनी २०११ मध्ये जेएसलिनक्स तयार केले. त्यात प्रोसेसरची नक्कल जावास्क्रिप्टमध्ये केलेली असून ब्राउझरच्या आतच छोटे लिनक्स सुरू होते. व्हर्च्युअल मशीन चालवणारे क्यूईएमयू हे प्रसिद्ध सॉफ्टवेअरही मुळात याच बेलार यांचे. अशा नकलेचा वेग बेताचा असतो आणि तिचा खरा उपयोग टर्मिनलमधील, म्हणजे टाइप करून द्यायच्या, आज्ञा शिकण्यासाठी होतो. रोजच्या वापराचा डेस्कटॉप निवडायचा असेल तर पहिलाच मार्ग बरा.

प्रश्न : मी एक डिस्ट्रो ब्राउझरमध्ये चालवून पाहिला. खिडकी सरकवली की ती अडखळत सरकते आणि मेनू उघडायलाही वेळ लागतो. माझ्या लॅपटॉपवरही तो इतकाच संथ चालेल का? मग नाद सोडून देऊ का?

उत्तर : एवढ्यावरून सोडू नका. तुम्ही कळ दाबता तेव्हा ती सर्व्हरपर्यंत जाते, तेथे पडदा बदलतो, बदललेल्या भागाचे चित्र आकुंचित होऊन परत येते आणि मग तुम्हाला दिसते. एका क्लिकसाठी एवढा प्रवास होतो. शिवाय अशा व्हर्च्युअल मशीनला बहुधा खरे ग्राफिक्स कार्ड नसते, त्यामुळे खिडक्यांच्या सावल्या, पारदर्शकता, सरकण्याचे परिणाम हे सगळे प्रोसेसरलाच रेखाटावे लागते. नोम आणि केडीई यांसारख्या देखण्या डेस्कटॉपना याचा फटका अधिक बसतो, साध्या एक्सएफसीईला कमी. म्हणजे ब्राउझरमध्ये एक्सएफसीई चपळ आणि नोम सुस्त वाटले, तरी तुमच्या लॅपटॉपवर त्यांच्यात तितकाच फरक पडेल असे नाही.

थोडक्यात, वेगाचा निकाल या चाचणीतून लागत नाही, चांगलाही नाही आणि वाईटही नाही. ऑनलाइन चाचणीत एवढेच कळते की सिस्टीम तुम्हाला पसंत आहे का. तुमच्या यंत्राला ती मानवते का, हा प्रश्न वेगळा. त्याची चाचणीही वेगळी, आणि ती पुढच्या एका उत्तरात आली आहे.

प्रश्न : चाचणीच्या डेस्कटॉपवर मजकूर लिहीत असताना फाइल बंद करण्यासाठी कंट्रोल आणि डब्ल्यू या कळा दाबल्या आणि सगळाच डेस्कटॉप नाहीसा झाला. देवनागरी टाइप करण्याचा प्रयत्नही फसला. माझे काय चुकते आहे?

उत्तर : कळा योग्यच दाबल्या गेल्या, पण त्या तुमच्या ब्राउझरने अडवल्या. कंट्रोल-डब्ल्यू म्हणजे ब्राउझरच्या लेखी ‘हा टॅब बंद करा’, आणि त्या टॅबमध्येच तुमचा डेस्कटॉप होता. कंट्रोल-टी आणि कंट्रोल-एन यांचेही असेच होते, तर ऑल्ट-टॅब आणि विंडोजचे चिन्ह असलेली कळ तुमच्या संगणकाची स्वतःची सिस्टीम अडवते. पूर्ण पडद्यावर गेल्यास काही ब्राउझर यांपैकी काही कळा आतल्या डेस्कटॉपपर्यंत पोहोचू देतात. तरी भरवसा ठेवू नये.

या सेवांपैकी अनेक जणी दूरच्या संगणकाचा पडदा ब्राउझरमध्ये दाखवणारे नोव्हीएनसी हे साधन वापरतात. त्यात पडद्याच्या कडेला एक छोटा दांडा दिसतो. त्यावर क्लिक केले की पट्टी बाहेर सरकते. तीत कंट्रोल, ऑल्ट, विंडोज, टॅब, एस्केप आणि कंट्रोल-ऑल्ट-डिलीट यांची बटणे असतात, मजकूर चिकटवण्यासाठी क्लिपबोर्डची चौकट असते आणि चित्र खिडकीच्या मापात बसवण्याचा पर्याय असतो. डेस्कटॉपचा खालचा भाग कापलेला दिसतो अशीही काही वाचकांची तक्रार होती. त्यावरचा उपाय हाच शेवटचा पर्याय आहे.

देवनागरीसाठी तुमच्या स्वतःच्या संगणकाचा कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा आणि मराठीचा कीबोर्ड आतल्या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये जोडा. दोन्हीकडे मराठी ठेवल्यास अक्षरांचा गोंधळ उडतो. बहुतेक डिस्ट्रोंत इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड-मांडणी आधीपासून असते. उच्चारानुसार टाइप करण्याची सोय आयबस आणि एम१७एन या पॅकेजांतून मिळते, पण चाचणीच्या मशीनला इंटरनेट दिलेले नसेल तर ती पॅकेजे तेथे उतरवता येणार नाहीत. जोडाक्षरे आणि मात्रा पडद्यावर नीट उमटतात का, एवढे तरी जरूर पाहा.

प्रश्न : चाचणीसाठी मिळणाऱ्या थोड्या वेळात नेमके काय पाहावे? आणि एवढ्या मोठ्या यादीतून सुरुवात कोठून करावी?

उत्तर : आधी दुसरा भाग. नवा माणूस डिस्ट्रोची नावे पाहून गांगरतो, पण त्याच्या रोजच्या अनुभवावर अधिक परिणाम होतो तो डेस्कटॉपचा, म्हणजे मेनू, पट्टी, खिडक्या आणि सेटिंग्ज ज्या रीतीने मांडल्या आहेत त्या मांडणीचा. उबुंटू आणि फेडोरा वर्कस्टेशन हे दोघे नोम वापरतात, लिनक्स मिंटच्या मुख्य आवृत्तीत सिनॅमन असते, कुबुंटूत केडीई प्लाझ्मा आणि झुबुंटूत एक्सएफसीई. चार नावे चालवून पाहिली की चारही वळणे पाहून होतात. विंडोजची सवय असलेल्याला सिनॅमन सर्वांत कमी परके वाटते : खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. प्लाझ्माही त्याच वळणाचा आहे, पण त्यात बदलता येण्याजोग्या गोष्टी इतक्या आहेत की काहींना तो खजिना वाटतो आणि काहींना कटकट.

नोमचे उदाहरण जरा जवळून पाहू. फेडोराचा डेस्कटॉप उघडला की खाली पट्टी नाही, डेस्कटॉपवर चिन्हे नाहीत आणि खिडकीच्या कोपऱ्यात बंद करण्याचे एकच बटण आहे. खिडकी खाली दडवण्याचे बटण मुळातच दिलेले नाही. ते बटण हवे असल्यास नोम ट्वीक्स या साधनातून आणता येते. पण नोमची अपेक्षा अशी की तुम्ही खिडक्या दडवूच नयेत, विंडोज-चिन्हाची कळ दाबून सगळ्यांचा देखावा समोर आणावा आणि हवी ती निवडावी. उबुंटूने त्याच नोमला डावीकडे पट्टी आणि खिडक्यांना नेहमीची तीन बटणे जोडली आहेत. ही पद्धत पटली तर माणूस पुन्हा जुन्या पद्धतीकडे वळत नाही, आणि नाही पटली तर रोज चिडचिड होते. तुमचे कोणत्या बाजूला पडते हे दुसरे कोणी सांगू शकत नाही, आणि नेमके हेच ब्राउझरमध्ये अर्ध्या तासात समजते.

तो अर्धा तास वॉलपेपर न्याहाळण्यात घालवू नका. तुम्ही रोज जी कामे करता तीच तेथे करून पाहा. एक फोल्डर तयार करा, त्याचे नाव बदला, काढून टाका आणि कचरापेटीतून परत आणा. लिब्रेऑफिस उघडून पानभर मजकूर आणि एक छोटा तक्ता करा. अक्षरे मोठी करण्याची सोय कोठे आहे ते शोधा, आणि ती शोधायला किती वेळ लागला हेही लक्षात ठेवा. ज्या सेटिंग्जमध्ये एवढी साधी गोष्ट मदतीशिवाय सापडत नाही, तेथे प्रिंटर जोडताना काय होईल याचा अंदाज येतो. अपडेट कोठे दिसतात आणि नवे सॉफ्टवेअर कोठून घ्यायचे तेही पाहून ठेवा. जे काम अडते त्याची नोंद करा. जे आवडले ते लक्षात राहतेच.

आणखी एक सूचना. दहा डिस्ट्रो चाळण्यापेक्षा दोन निवडावेत आणि त्या प्रत्येकात तीच कामे दोनदा करावीत. यादी लांब असली की माणूस निवड करण्याऐवजी चाळतच बसतो, आणि लिनक्सच्या जगात अशी चाळाचाळ वर्षानुवर्षे करणारे पुष्कळ आहेत. त्यांचा तो छंद आहे. तुम्हाला लॅपटॉप वापरायचा आहे.

प्रश्न : ब्राउझरमध्ये लिनक्स मिंट पाहिले आणि फारच आवडले. आता थेट इन्स्टॉल करायला हरकत नाही ना?

उत्तर : हरकत आहे. तुम्हाला मिंट आवडले, पण तुमच्या लॅपटॉपने ते अजून पाहिलेले नाही. सर्व्हरवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये वाय-फायची चिप नसते, कॅमेरा नसतो, टचपॅड नसते, बॅटरी नसते, मिटण्यासारखे झाकणही नसते. आणि लिनक्स अडते ते बहुतेक वेळा यांपैकीच एखाद्या गोष्टीपाशी. तेव्हा मधली एक पायरी घ्या : पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवणे. क्लाउस क्नॉपर यांच्या क्नॉपिक्स या डिस्ट्रोमुळे २००० सालानंतर ही पद्धत सर्वत्र रुळली. तेव्हा ती सीडीवर होती.

मिंटची आयएसओ फाइल साधारण ३ जीबीची असते, म्हणजे ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. रुफस किंवा बलेना एचर या सॉफ्टवेअरने ती पेनड्राइव्हवर उतरवावी. त्यावरील आधीचा सगळा मजकूर पुसला जातो. फाइल अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या आणि तेथे दिलेली एसएचए-२५६ ची बेरीज (फाइलच्या मजकुरातून काढलेली तिची ओळख-खूण) ताडून पाहा. ही खबरदारी नुसती पुस्तकी नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी मिंटचेच संकेतस्थळ फोडून हल्लेखोरांनी तेथील दुवा छुपा दरवाजा असलेल्या आयएसओकडे वळवला होता. अशा वेळी बेरीज ज्या पानावर असते तेही बदललेले असू शकते, म्हणून बेरजेच्या फाइलवरची डिजिटल सहीही तपासावी. मिंटच्या मदतपुस्तिकेत दोन्हींची कृती दिलेली आहे.

लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करण्याआधी दोन गोष्टी विंडोजमध्येच उरकून घ्या. एक, डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे का ते पाहा आणि असल्यास तिची रिकव्हरी-की कागदावर लिहून ठेवा. सिक्युअर बूटसारखी, संगणक सुरू होतानाच्या सुरक्षेची सेटिंग बदलली की पुढच्या वेळी विंडोज ती की मागते आणि ती हाताशी नसेल तर स्वतःच्याच फाइली स्वतःला मिळत नाहीत. दोन, फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते आणि लिनक्समधून त्या डिस्कवरील फाइली वाचता आल्या तरी तेथे काही लिहिता येत नाही.

मग लाइव्ह डेस्कटॉपवर यंत्राची कसून तपासणी करा. वाय-फायला जोडून पाहा; ब्रॉडकॉमच्या काही चिप वेगळा ड्रायव्हर मागतात, त्यामुळे तात्पुरते इंटरनेट देण्यासाठी मोबाइल यूएसबीने जोडण्याची तयारी ठेवा. आवाज स्पीकरमधून येतो का आणि हेडफोन लावल्यावर त्यात जातो का, कॅमेरा आणि माइक चालतात का, पडद्याचा उजेड कळांनी कमी-जास्त होतो का, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकते का, प्रिंटर सापडतो का, हे सगळे पाहा. त्यानंतर झाकण मिटा, दोन-तीन मिनिटे थांबा आणि उघडा. पंखा फिरतो आहे, कळांचे दिवे लागले आहेत, पण पडदा काळाच, असे झाल्यास ते लक्षण गंभीर समजावे. जुन्या लॅपटॉपवर सर्वांत चिवट अडचण झोपेतून उठण्याची असते आणि ब्राउझरच्या चाचणीत ती दिसण्याची शक्यताच नसते.

वेगाचा अंदाज येथे बऱ्यापैकी येतो. पेनड्राइव्हवरून वाचन संथ असल्याने एखादे सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो, तो धरू नये. ते एकदा उघडल्यावर कसे वागते, मोठ्या आकाराचा व्हिडिओ सलग चालतो का, यावरून निर्णय करावा.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. लाइव्ह डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल’चे जे चिन्ह असते तेच तुम्ही ब्राउझरमध्येही पाहिलेले असते, पुढची पाने तीच आणि बटणेही तीच. तेथे डिस्क आभासी होती. येथे ती तुमची आहे. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घेतल्याशिवाय त्या चिन्हावर क्लिक करू नये.

प्रश्न : माझ्या डेस्कटॉप संगणकात १६ जीबी रॅम आहे. ब्राउझरऐवजी आपल्याच संगणकावर व्हर्च्युअल मशीन चालवणारे व्हर्च्युअलबॉक्स वापरले तर?

उत्तर : तुमच्या बाबतीत ते अधिक चांगले. रांग नाही, वेळेची मर्यादा नाही, इंटरनेट चालते, आणि आज केलेले बदल उद्याही तसेच राहतात, त्यामुळे आठवडाभर वापरून मत बनवता येते. व्हर्च्युअल मशीनला ४ जीबी रॅम आणि २५ जीबी डिस्क द्या. प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद असेल तर ती चालू करावी लागेल. तुमच्या खऱ्या वाय-फाय किंवा ग्राफिक्स कार्डाविषयी मात्र येथेही काही कळत नाही.

प्रश्न : विंडोज ११ किंवा मॅकओएस अशाच रीतीने ऑनलाइन चालवून पाहता येते का?

उत्तर : विंडोज ११ सारखी दिसणारी काही वेबपाने आहेत, पण ती नुसती नक्कल आहे, स्टार्ट मेनू उघडतो, त्यामागे विंडोज नसते. मायक्रोसॉफ्टची विंडोज ३६५ ही सेवा खरोखरचे विंडोज ब्राउझरमध्ये देते, परंतु ती सशुल्क आहे. फुकट आणि खरी चाचणी हवी असल्यास मायक्रोसॉफ्टच्या इव्हॅल्युएशन सेंटरवर विंडोज ११ एंटरप्राइझची ९० दिवसांची आवृत्ती मिळते आणि ती व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवता येते. मॅकओएसच्या परवान्यानुसार ती सिस्टीम ॲपलच्याच यंत्रावर चालवायची असते, म्हणून ज्याच्याकडे मॅक आहे अशा ओळखीच्या माणसाकडे तासभर बसणे हाच सरळ मार्ग.

प्रश्न : चाचणीत केलेल्या सेटिंग्ज आणि तयार केलेल्या फाइली नंतर प्रत्यक्ष इन्स्टॉल करताना वापरता येतात का?

उत्तर : ब्राउझरमधील चाचणीतल्या नाही, टॅब बंद झाला की ते मशीनच मोडीत निघते. लाइव्ह पेनड्राइव्हवरचे कामही एरवी संगणक बंद करताच पुसले जाते. मात्र रुफसमध्ये पेनड्राइव्ह तयार करतानाच उबुंटू आणि डेबियन यांसारख्या डिस्ट्रोंसाठी कायम राहणाऱ्या साठ्याचा वेगळा भाग राखता येतो; त्यासाठी १६ जीबी किंवा त्याहून मोठा पेनड्राइव्ह घ्यावा. त्यातले बदल इन्स्टॉल केलेल्या सिस्टीममध्ये आपोआप जात नाहीत. हव्या त्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि कोणती पॅकेजे घेतली व कोणत्या सेटिंग्ज बदलल्या यांची यादी हाताने लिहून ठेवा.